इंग्रजांशी आपली मैत्री : हिंगोलीच्या छावणीपासून

(वर्षावासातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर, किरकोळ दुरुस्तीसह)



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने आमच्या गळ्यात घातला आहे. महाविद्यालयातल्या वादविवाद स्पर्धेत हा मुलगा बोलायला उभा राहिला, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी त्याला ऐकवले, "तुम्ही लोक इंग्रजांचे दोस्त. इंग्रज गेले याचे दुःख तुम्हांलाच." त्याला उत्तर सुचले नाही. तो खाली बसला. रात्री आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आपण खरंच त्यांचे दोस्त होतो का?"

हा टोमणा जुना आहे. आमच्या पिढीने तो ऐकला, आमच्या आधीच्या पिढीने ऐकला, आणि प्रत्यक्ष बाबासाहेबांनाही तो आयुष्यभर ऐकावा लागला. त्याला रागाने उत्तर देता येते, पण रागावून मुलाचे समाधान होत नाही. म्हणून आम्ही थोडे वाचन केले, थोडे जुन्या माणसांशी बोललो, आणि जे हाती लागले ते आपणांसमोर ठेवीत आहोत.

आरंभ आपल्याच गावापासून करू. हिंगोली शहरात पलटण आहे, रिसाला आहे, तोफखाना आहे, पेन्शनपुरा आहे, सदर बाजार आहे. आपण रोज या नावांचे पत्ते लिहितो. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखान्याचा अर्थ सांगायला नको, आणि पेन्शनपुऱ्यात निवृत्त शिपाई राहत. ही सारी नावे एका छावणीची आहेत. 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची जी फौज होती, तिचे हिंगोली हे एक ठाणे होते आणि ते १९०३ पर्यंत टिकले. फौज निजामाची, पगार निजामाचा, आणि हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्याचा. अशा या फौजेमुळेच निजाम आणि इंग्रज यांची 'दोस्ती' जगात गाजली. तेव्हा इंग्रजांचे दोस्त कोण, हा प्रश्न आपल्या गावात कोणी विचारला, तर आधी पलटणीतून तोफखान्यापर्यंत एक फेरी मारावी.

विद्यार्थ्यांसाठी थोडा इतिहास सांगतो. १७९८ आणि १८०० साली निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचे करार केले. त्यांत मैत्रीचे शब्द भरपूर आहेत. एकाचा मित्र तो दुसऱ्याचा मित्र, एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू, आणि ही मैत्री कायमची, असा सगळा थाट आहे. पुढे तैनाती फौजेखेरीज आणखी ही कंटिंजंट उभी राहिली. तिचा पगार भागवायला निजामाच्या तिजोरीत पैसा नसे, म्हणून कर्ज काढावे लागे. ते कर्ज देणारी हैदराबादची पामर कंपनी. तिच्या व्यवहारात बड्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या आप्तांचे हितसंबंध गुंतलेले होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांची पालित कन्या ज्यांना दिली होती, ते रंबोल्डसाहेब या पेढीत भागीदार होते. म्हणजे फौज ठेवायला लावणारेही तेच, आणि फौजेसाठी व्याजाने पैसे देणारेही त्यांचेच. आपल्या खेड्यांतील सावकारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापेक्षा अधिक फोड करून सांगायला नको.

कर्ज वाढत गेले. अखेर १८५३ साली डलहौसीच्या कारकिर्दीत, चाळीस लाखांहून अधिक रुपयांची थकबाकी दाखवून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतला. आश्चर्याची गोष्ट अशी की, ही फौज शांततेच्या काळात ठेवण्याचे बंधन १८०० च्या कराराने निजामावर नव्हते, हे स्वतः डलहौसीने आपल्या टिपणात प्रामाणिकपणे मान्य केले आहे. मान्य केले, आणि वऱ्हाड घेतले.

१८५७ च्या उठावात निजामाचे सरकार इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. कंटिंजंटची फौज ह्यू रोजच्या सैन्याबरोबर मध्य हिंदुस्थानात लढली. त्याचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये रायचूर आणि नळदुर्ग परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. ते कसे मिळणार? अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना हवाहवासा झाला. दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाडासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. १८७६ साली ते इंग्लंडलाही जाऊन आले. तेथे त्यांचा मोठा मानसन्मान झाला आणि हात रिकामेच राहिले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदी सैन्यात मिसळली, आणि आपली छावणी उठली. ज्या फौजेच्या नावाखाली वऱ्हाड गेले, ती फौज संपली. वऱ्हाड गेले ते गेलेच.

पहिल्या महायुद्धात निजामाने भरपूर मदत केली म्हणून १९१८ साली त्याला 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' हा किताब मिळाला. या किताबावर विसंबून सातव्या निजामाने वऱ्हाडाचा प्रश्न पुन्हा काढला आणि आपण बरोबरीच्या नात्याने बोलतो आहोत अशी भाषा केली. तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्याला लेखी बजावले की, ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणत्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीने वाटाघाटी करण्याचा दावा करू नये. दोस्तीचा किताब मिळून आठ वर्षे झाली होती. दहा वर्षांनी त्याच्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असे नाव तेवढे मिळाले. नाव यांना, वऱ्हाड त्यांना.

आमचे आजोबा या मुलुखाला 'मोगलाई' म्हणत आणि पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात गेलेल्या माणसाला 'तो इंग्रजीत गेला' म्हणत. नदी एक, बोली जवळपास एक, सोयरिकी दोन्ही काठांवर, आणि राज्ये दोन. इकडे हाली सिक्का चाले, तिकडे कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. रेल्वेदेखील पूर्णेहून आली ती हिंगोलीला थांबली. पुढे वऱ्हाडाशी रूळ जोडले गेले ते स्वातंत्र्यानंतर. दोन 'दोस्त' सरकारांच्या सीमेवर आपला जिल्हा असा शेवटच्या स्टेशनसारखा पडून होता. (जिल्हा म्हणतो तो आजच्या सवयीने. १ मे १९९९ पर्यंत आपण परभणीतच होतो.)

आता भगवान बुद्धांकडे वळू. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहातला सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला आणि त्याच ओघात मित्र कोणता आणि मित्राचे सोंग कोणते हेही सांगितले. जो नुसते घेऊनच जातो, थोडे देतो आणि फार मागतो, तो मित्र नव्हे. जो नुसता बोलण्यात शूर असतो, तो नव्हे. जो तोंडावर स्तुती करतो, तो नव्हे. आणि जो बुडण्याच्या वाटेवर सोबत करतो, तोही नव्हे. निजाम आणि इंग्रजांच्या दोस्तीवर हे सुत्त ठेवून पाहा. वऱ्हाड घेतले, किताब दिला, स्तुती केली. चौथ्या प्रकाराबद्दल सांगायचे तर १९४७-४८ मध्ये निजामाने त्या जुन्या दोस्तीची आठवण लंडनला करून दिली. विरोधी बाकावरून चर्चिलसाहेब त्याच्या बाजूने बोलले, आणि त्याने त्याचा हट्ट तेवढा वाढला. सरकारने काहीही केले नाही. रझाकारांचा जाच सोसला तो आपल्या गावांनी, आणि कित्येक कुटुंबे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात आश्रयाला गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला तो अध्याय संपला. त्याच दिवसांत हैदराबादच्या खात्यातून दहा लाख पौंडांहून थोडी जास्त रक्कम लंडनमधील पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवली गेली होती. ती तिथल्या बँकेत अडकून पडली आणि तिचा निकाल लंडनच्या उच्च न्यायालयाने भारत सरकार व निजामाच्या वारसांच्या बाजूने दिला तो २०१९ साली. एवढे एक मात्र खरे की त्या न्यायालयाने निकाल कागद पाहून दिला, दोस्ती पाहून दिला नाही.

पण आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न 'आपण' विषयी होता. राजांची दोस्ती बाजूला ठेवू. आपल्या लोकांचे काय?

ब्रिटिश मुलुखात, मुंबईच्या सैन्यात, महार शिपाई होते. कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची लढाई आपणांस ठाऊक आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार मेजर आणि पलटणीच्या शाळेतले शिक्षक. त्या शाळांनी आपल्या काही घरांत पहिली अक्षरे आणली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण पुढे काय झाले? १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती' नावाचे एक खूळ साहेबांच्या डोक्यात शिरले आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी रक्त सांडले त्यांनाच दार बंद. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा अर्ज केला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली, आणि युद्ध आटोपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. गरज लागली की बोलवायचे आणि गरज सरली की विसरायचे, ही गोष्ट आपल्याला गावकीत पाठ होती. ती साहेबाकडूनही शिकायला मिळाली.

बाबासाहेबांनी हे सारे इंग्रजांच्या घरात जाऊन, त्यांच्या तोंडावर सांगितले. लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत २० नोव्हेंबर १९३० रोजी त्यांनी केलेले भाषण प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेच पाहिजे. त्यांचा सवाल साधा होता. इंग्रज येण्यापूर्वी आम्हांला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आता येते काय? देवळात जाता येत नव्हते, आता येते काय? पोलिसात, लष्करात आम्हांला जागा नव्हती, आता आहे काय? दीडशे वर्षांच्या राज्यानंतर उत्तर 'नाही' असेच येते. म्हणून अस्पृश्यांनाही हे राज्य जाऊन लोकांचे, लोकांनी चालविलेले सरकार हवे आहे, अशी मागणी त्यांनी उघड केली. 'इंग्रजांचे दोस्त' म्हणणाऱ्याला हे एक भाषण पुरेसे आहे. मुला, पुढच्या वेळी खाली बसू नकोस.

मात्र याच बाबासाहेबांनी इंग्रजांकडून घेण्यासारखे होते ते सर्व घेतले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते प्रथम १९१६ मध्ये गेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे परतावे लागले, तरी पैसे साठवून १९२० मध्ये पुन्हा गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. त्यांच्या रुपयाविषयीच्या ग्रंथाला प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्या ग्रंथात बाबासाहेबांनी इंग्रजांच्या चलनविषयक धोरणावर कडक टीका केली आहे, आणि कॅनन यांनीही सर्व मते आपल्याला पटत नाहीत हे लपविले नाही. गुरू आणि शिष्य असे मोकळे असू शकतात, याचा तो नमुना आहे. हाली आणि कलदार यांचा हिशेब करणाऱ्या आपल्या आजोबांना तो ग्रंथ कोणी समजावून सांगायला हवा होता, असे आम्हांला फार वाटते.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी तीन लाख रुपयांचे अनुदान मिळवले आणि काही विद्यार्थ्यांना इंग्लंडला पाठवले. आणि १९४६ मध्ये कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांच्या मागण्या बाजूला सारल्या, तेव्हा ते स्वतः लंडनला गेले, ॲटली आणि चर्चिल या दोघांनाही भेटले आणि पदरात काही न पडता परतले. घेणे, भांडणे, रिकाम्या हाताने परतणे, हे सगळे त्यांनी ताठ मानेने केले. 'विश्वासू दोस्त' हा किताब त्यांना कोणी दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही.

वसाहत आणि तिचा जुना मालक यांच्यात मैत्री होऊच शकत नाही काय? होते. अमेरिका १७७६ मध्ये इंग्लंडपासून फुटली, १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळले, आणि तरी विसाव्या शतकात ही दोन राष्ट्रे एकमेकांची अगदी जवळची झाली. पण ती केव्हा झाली? अमेरिका बरोबरीची, किंबहुना वरचढ झाली तेव्हा. भारतानेही १९४९ च्या लंडन घोषणेने प्रजासत्ताक राहूनच राष्ट्रकुलात राहण्याचे ठरवले. राजाचे सार्वभौमत्व स्वीकारले नाही. रीडिंगने निजामाला जे नाकारले होते, ते बरोबरीचे आसन स्वतंत्र भारताने तेवीस वर्षांनी मिळवले.

सरकारांपेक्षा माणसांची मैत्री अधिक खरी असते, आणि येथे आपल्या संस्थेच्या सभासदांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, म्हणून अशोकाचे लेख बोलू लागले. एकेकाळी सिलोनमध्ये नोकरीला असलेले ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये पाली टेक्स्ट सोसायटी काढली. मघाचे सिगालोवाद सुत्त जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचले, त्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. हे लोक साम्राज्याचे नोकर होते, हेही खरे. आपल्याच देशातला धम्म आपल्याला परत कळायला परक्यांची मदत लागली, यात त्यांचा मोठेपणा किती आणि आपल्याकडच्या विसरण्याची लाज किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

आणि एक गोष्ट तर थेट आपल्या अश्रूंशी जोडलेली आहे. लंडनमध्ये १९२५ साली जन्मलेला डेनिस लिंगवुड नावाचा तरुण दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सैन्याबरोबर हिंदुस्थानात आला. युद्ध संपल्यावर त्याने सैन्य सोडले, चीवर घेतले आणि भिक्षू संघरक्षित झाला. बाबासाहेबांशी त्यांच्या भेटी झाल्या होत्या. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते नागपूरला उतरले आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी कळली. त्या संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर लाखभर माणसे मेणबत्त्या घेऊन जमली होती. कोणाला बोलवेना. वक्ते उभे राहत आणि रडून खाली बसत. तेव्हा हा एकतीस वर्षांचा इंग्रज भिक्षू बोलला, आणि पुढच्या चार दिवसांत त्याने सुमारे चाळीस सभा घेतल्या. बाबासाहेब गेले पण काम आपल्याला पुढे न्यायचे आहे, हे तो वस्तीवस्तीत सांगत होता. जो दुःखात समान असतो, तो मित्र, असे त्याच सुत्तात पुढे आले आहे.

पुढे त्यांचे शिष्य लोकमित्र १९७८ मध्ये इंग्लंडहून पुण्यात येऊन राहिले आणि १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम सुरू झाले. १९८० पासून इंग्लंडमध्ये करुणा ट्रस्टचे कार्यकर्ते संध्याकाळी दारोदार जाऊन, थंडीपावसात, महाराष्ट्रातील वसतिगृहांसाठी आणि बालवाड्यांसाठी पैसे जमवू लागले. ज्यांच्या पणजोबांनी वऱ्हाडचा कापूस नेला असेल, ती माणसे आपल्या मुलांसाठी दार ठोठावत होती. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. संघरक्षितांच्या इंग्लंडमधील खासगी वर्तनाविषयी गंभीर तक्रारी झाल्या आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या तक्रारी खऱ्या आहेत आणि कस्तुरचंद पार्कही खरे आहे. आपण दोन्ही सांगतो, कारण साहेबाला देव करण्याची सवय आपल्याला परवडणारी नाही.

परवाची गोष्टही सांगतो. लंडनमध्ये १०, किंग हेन्री रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले. स्मारकाला तेथील स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली, शेजाऱ्यांच्या हरकती होत्या. अपील झाले, चौकशी झाली, इंग्लंडमधील आपले लोक आणि काही इंग्रजही बाजूने उभे राहिले, आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यांनी परवानगी दिली. ज्या घरात एक विद्यार्थी अर्धपोटी अभ्यास करीत होता, ते घर आता त्याच्या नावाने उभे आहे.

आपल्या जिल्ह्यातही नवे काही घडते आहे. औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वलहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिची मुख्य यंत्रणा अमेरिकेकडून यायची आहे, आणि या यंत्रणेतील आरसे ज्या काचेच्या तंतूंवर टांगतात ते तंत्र विकसित करण्यात स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठाचा मोठा हात आहे. म्हणजे साहेब पुन्हा हिंगोलीला येतील. या वेळी पलटण घेऊन नव्हे, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर आपला मुलगा किंवा मुलगी असेल की दारावर पहारेकरी म्हणून असेल, हे आपल्या शाळांतील विज्ञानाच्या तासांवर अवलंबून आहे. याबाबतीत आम्ही फार आशावादी नाही. प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद असलेल्या शाळा आम्ही पाहिल्या आहेत.

शेवटी विद्यार्थ्यांना एक काम. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातीचे विद्यार्थी दरवर्षी परदेशी जातात. आपल्यापैकी कोणी लंडनला गेला, तर किंग हेन्री रोडला जाईलच. पण एक दिवस ब्रिटिश लायब्ररीतही जावे. इंडिया ऑफिसची जुनी कागदपत्रे तेथे ठेवलेली आहेत. हिंगोलीच्या छावणीत साहेब कोण होते, त्यांची नावे सापडतील. त्यांच्या घोड्यांना चारा कोण घालत होते, बराकी कोण झाडत होते, तोफखान्याचे ओझे कोण वाहत होते, त्या माणसांचा एखादा कागद, एखादी पगाराची यादी आहे का, ते पाहावे. मिळाली तर नक्कल उतरवून आणावी. आपण ती पुढच्या स्मरणिकेत छापू.

जय भीम.